वाळलेली म्हणून लिहिलेली बाग

मी एक जुना ट्रायपॉड आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर तुमच्यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही. राग मानू नका. तीन पायांवर उभं राहणाऱ्याला जमिनीचा भरवसा धरून चालत नाही. एक पाय भुसभुशीत जागी पडला की डोक्यावरचं सगळं सामान खाली, आणि बोल मात्र आपल्याला. त्यामुळे मी आधी संशय घेतो, मग पाय रोवतो.

माझा जन्म इथला नाही. दूर उत्तरेकडच्या एका थंड शहरात, लाकडाच्या कारखान्यात मला घडवलं. पाय लाकडाचे, सांधे पितळेचे आणि टाचांना लोखंडी टोकं. मला वाटलं होतं, एवढ्या मजबूत पायांवर काहीतरी सुंदर ठेवतील. ठेवली ती जमीन मोजायची दुर्बीण! मग मला फरगाण्याच्या खोऱ्यात आणलं आणि मोजणीवाल्यांच्या गाडीत टाकलं. पुढची कितीतरी वर्षं मी कालव्यांसाठी, रस्त्यांसाठी, गोदामांसाठी शेताबागांमधून उभा राहिलो. साहेब लोक माझी फार स्तुती करत. ‘हा हलत नाही,’ म्हणत. मी खूश व्हायचो. पण हळूहळू एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी जिथे उभा राहिलो, तिथे काही महिन्यांनी परत गेलो, तर बाग नसायची. सपाट जमीन असायची, नाहीतर डांबर. मला कोणी काही सांगत नव्हतं. तेव्हापासून जो संशय मनात शिरला, तो आजतागायत निघालेला नाही.

मग नवीन यंत्रं आली, त्यांचे पाय हलके, पिवळे, चकचकीत. मला मर्गिलानच्या रविवारच्या बाजारात गंजक्या कुलपांच्या आणि चहाच्या फुटक्या समोवारच्या शेजारी आडवं ठेवण्यात आलं. तिथे मुहय्यो आपांनी मला पाहिलं. आपा शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना बागांचे फोटो काढायचं वेड. दुसरं कुठलं नाही. लग्नाचा फोटो काढा म्हटलं की त्यांची मान दुखायला लागे. त्यांनी माझा एकेक पाय ओढून पाहिला, सांधे आवळून पाहिले, विकणाऱ्याकडे तिरका डोळा करून विचारलं, “चोरीचा तर नाही ना?” तिथेच मला बाई आवडल्या. तांबटाकडून त्यांनी माझ्या डोक्यावर कॅमेऱ्यासाठी नवी चकती बसवून घेतली.

पहिल्यांदा त्यांनी मला एका डाळिंबाच्या बागेत उभं केलं, तेव्हा मी मनात म्हटलं, चला, हीपण गेली. पंधरा दिवसांनी आम्ही परत गेलो. बाग होती! शरद ऋतूत गेलो, तरी होती, आणि फळांनी वाकली होती. मला हे पचायलाच वेळ लागला. मग मात्र, मित्रांनो, त्या कामाची गोडी लागली. सकाळचं ऊन पानाच्या मागून यायची वाट पाहत उभं राहायचं. वारा पडेपर्यंत आपांनी श्वास धरून ठेवायचा. एखादी मधमाशी नेमकी हव्या त्या फुलावर न बसता शेजारच्यावर बसायची, आणि आपा तिला शाळेतल्या पोरीला रागवावं तशा रागवायच्या. तासभर थांबून एक फोटो, आणि त्या तासात बागेतलं जे काही हलतं, वाजतं, दरवळतं ते सगळं फुकट. कॅमेऱ्यावर माझा विश्वास नाही, तो सगळं श्रेय स्वतःकडे घेतो. पण त्या तासांवर माझा खरोखर जीव जडला.

आमच्याकडे नवीन वर्षं दोन. जानेवारीतलं बेत करायला आणि मार्चमधला नवरोज ते बेत मोडायला. दर एकतीस डिसेंबरला आपांचा धाकटा भाऊ झोकीर जेवायला यायचा, आणि वाट्यांमधली सॅलडं बाजूला सारून दोघं बहीणभाऊ नवरोजला कुठे जायचं ते ठरवायचे.

“या वर्षी कोशबुलोक,” आपा म्हणाल्या. “डोंगराच्या पायथ्याशी. हमरो-ओता नावाच्या म्हाताऱ्याची जर्दाळूची बाग आहे. माझी एक विद्यार्थिनी सांगत होती, तसली जुनी झाडं आता खोऱ्यात कुठे राहिलेली नाहीत. बहर जेमतेम चार दिवस टिकतो.”

“गेल्या वर्षी तू म्हणालीस दोन तासांचा रस्ता, आणि आपण मेंढ्यांच्या कळपात अडकलो.”

“मेंढ्या मी आणल्या होत्या का?”

“आणि हे लाकडी धूड गाडीत घालायचं तर माझी मागची सीट फाटते. प्लॅस्टिकचा घे की एखादा!”

“तो वाऱ्याला हलतो,” आपा म्हणाल्या, आणि विषय संपला.

नवरोजच्या सकाळी आम्ही कोशबुलोकला पोहोचलो. गल्लीत सुमलकच्या, म्हणजे गव्हाच्या मोडांच्या खिरीच्या, कढया अजून कोमट होत्या, बायका वाट्या भरून घरोघरी देत होत्या. झोकीरने मला खांद्यावर घेतलं, आणि ती गल्ली गप्प झाली. खरंच सांगतो, वाट्या होत्या तिथे थांबल्या. एका बाईने पोराला आत ओढलं. नजरेचं हे वजन माझ्या ओळखीचं होतं. मोजणीच्या दिवसांत लोक माझ्याकडे असंच पाहत.

हमरो-ओता दारात आले. उंच, वाळके, डोक्यावर टोपी, अंगात रेघारेघांचा लांब झगा, चपान. त्यांनी आपांना सलाम केला, झोकीरला केला, आणि मग माझ्या लोखंडी टाचांकडे बराच वेळ पाहिलं. पण नवरोजचा पाहुणा दारातून परतवता येत नाही. त्यांनी आम्हाला आत घेतलं, जेवणाचा दस्तरखान अंथरला, स्वतः नान मोडला. पालेभाजी भरलेले भाजके सोमसे आले, सुका मेवा आला, सुमलक आलं. बागेचं दार मात्र पाठीमागे बंद होतं, आणि ओता नेमके त्यालाच टेकून बसले होते.

“बाग पाहायची होती, ओता,” आपा म्हणाल्या. “फोटो काढते मी. बहराचे.”

“घ्या ना, सोमसा घ्या.”

“संध्याकाळी पाऊस सांगितलाय. फुलं गळून जातील.”

“अल्लाची मर्जी. मध घ्या.”

आणि त्यांनी आपांचा प्याला काठोकाठ भरला. आमच्या भागात पाहुण्याला चहा अर्धा ओततात, पुन्हा पुन्हा विचारता यावं म्हणून. काठोकाठ प्याला म्हणजे प्या आणि निघा. झोकीरचा सोमसा हातातच राहिला. आपांनी त्या भरलेल्या प्याल्याकडे पाहिलं, तो उचलला नाही, आणि सरळ विचारलं, “माझं काही चुकलं का?”

“हा मोजणीचा आहे,” ओता माझ्याकडे बोट करून म्हणाले. “मी ओळखतो. लाकूड, पितळ, टाचा. फोटोचा असला नसतो.”

“खरं आहे. मोजणीचाच होता. बाजारात घेतला.”

“आपा!” झोकीर कुजबुजला. “खोटं बोलली असतीस तर आपण आत्ता बागेत असतो.”

ओता उठून उभे राहिले. मला वाटलं, झालं, आता आपलं सरपण. पण त्यांचा राग मोठ्याने नव्हता. “डिसेंबरात तीन माणसं आली,” ते म्हणाले. “असल्याच तीन पायांचं घेऊन. फोटो काढला, भिंतीवर लाल रंगाचा फराटा मारला. खिंडीतून नवा रस्ता येणार म्हणे. आणि लिहून काय नेलं? वाळलेली झाडं, पडीक जमीन! माझ्या आजोबांनी लावलेली झाडं! अरे, डिसेंबरात जर्दाळूला पान असतं का?”

मित्रांनो, तेव्हा मला कळलं की पूर्वीच्या त्या सपाट जमिनींबद्दल कार्यालयात काय लिहिलं गेलं असेल. मला लाज वाटली आणि रागही आला.

एवढ्यात आतून ओतांची बायको सनोबर आली. ओतांचा संशय धुमसणारा, हिचा चौकशी करणारा. ती आपांसमोर बसली आणि म्हणाली, “दाखव बघू, आजवर कुठले फोटो काढलेस.”

आपांनी कॅमेऱ्यात दाखवले. बिहीची फुलं, डाळिंबं, द्राक्षांचा मांडव.

“ही डाळिंबाची बाग कुणाची?”

“रिश्तानच्या तुर्गुन अकांची.”

“आहे अजून?”

“आहे की, मावशी. गेल्या महिन्यात त्यांनी मुरंबा पाठवला.”

“लाव त्यांना फोन.”

“आत्ता? नवरोजच्या सकाळी?”

“आत्ता. आणि तू बोलायचं नाहीस, मी बोलणार.”

फोन लागला. सनोबरने मोठ्या आवाजात सणाचे आशीर्वाद दिले, तब्येतींची विचारपूस केली, आणि मग विचारलं, “तुमच्या बागेत एक बाई तीन पायांचं लाकडी घेऊन आल्या होत्या ना? मग नंतर बाग राहिली का?”

“राहिली!” पलीकडून तुर्गुन अकांचा आवाज अख्ख्या खोलीत ऐकू आला. “बागेला काही झालं नाही. पण त्या बाईने एका फुलापायी सकाळची दुपार केली, आणि मी त्यांच्यासाठी छत्री धरून उभा! माझ्या कोंबड्या उपाशी राहिल्या!”

सनोबरने फोन बंद केला, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “सरका दारातून.”

आता बागेचं काय सांगू! भिंतीपासून ओढ्यापर्यंत पांढरा, जरासा गुलाबी बहर, आणि मधमाश्यांचा गुणगुणाट. ओता मात्र माझ्या पायांवर पाळत ठेवून चालत होते. मी कुठे टेकतो, लाल फराट्याच्या रेषेत तर येत नाही ना, हे वाकून वाकून पाहत होते.

“ओता,” आपांनी अचानक विचारलं, “ती माणसं नेमकी कुठे उभी होती?”

ओतांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग भिंतीच्या कोपऱ्याजवळ नेलं. तिथे जमिनीत तीन खुंट्या ठोकलेल्या होत्या. “त्यांनी जिथे पाय रोवले, त्या भोकांत मी ठोकून ठेवल्या,” ते म्हणाले. “उद्या म्हणतील आम्ही आलोच नव्हतो. माझा त्यांच्यावर विश्वास नाही.”

हे ऐकून मला म्हातारा अगदी सख्खा वाटला.

“उपटा त्या,” आपा म्हणाल्या. “त्यांच्याच जागेवरून, त्यांच्यासारखाच फोटो काढू. तीच भिंत, तोच वाकडा तुतीचा बुंधा, मागे तोच डोंगर. मग ही दुसरी बाग आहे असं कोणाला म्हणता येणार नाही.”

मोजणीच्या भोकांत मोजणीचेच पाय परत घालायचे, हे ओतांच्या गळी उतरत नव्हतं. शेवटी त्यांनी स्वतः खुंट्या उपटल्या, गुडघ्यावर बसून माझा एकेक पाय हाताने त्या भोकांत बसवला. बरोबर बसले. आमच्या जातीचे पाय सारखेच असतात.

मग वारा सुटला. पश्चिमेकडून ढग चढू लागले, फांद्या हलत होत्या, पाकळ्या उडत होत्या. आपा डोळा लावून उभ्या, बोट बटणावर. झोकीर आकाशाला शिव्या देत होता. “एक क्षण,” आपा पुटपुटत होत्या, “एकच क्षण थांब रे बाबा.” मी जमीन अशी घट्ट धरली की आयुष्यात कधी धरली नव्हती. सनोबरने ओतांना ढकललं, “जा, झाडाजवळ उभे राहा, तुम्ही दिसा तरी जिवंत!” ओता टोपी सारखी करत पहिल्या झाडाखाली उभे राहिले, आणि तेवढ्यात वारा पडला. आपांनी फोटो घेतला. एक, मग आणखी सहा. घरी पोहोचायच्या आत पाऊस आला आणि तो बहर मातीला मिळाला.

फोटो मोठा करून आपांनी स्वतः मोजणीच्या कार्यालयात नेऊन दिला. तिथले लोकही आमच्यासारखेच संशयी. फोटो खोटा असेल, म्हणाले. पण जूनमध्ये एक साहेब आपला डिसेंबरातला फोटो घेऊन आला. आपांनी मला त्या दिवशी मुद्दाम आणलं होतं. साहेब माझ्या शेजारी उभा राहून दोन्ही फोटो समोर धरत राहिला. भिंत तीच, तुती तीच, डोंगर तोच. आणि समोर पिवळ्याधमक जर्दाळूंनी लवलेली झाडं.

“मग हिवाळ्यात अशी का दिसत होती?” त्याने विचारलं.

“साहेब, टोपी काढा,” सनोबर म्हणाली. साहेबाने गोंधळून काढली. डोक्यावर एक केस नव्हता. “बघा, तुम्हीपण वाळलेले दिसता. पण आम्ही तसं लिहून नेतो का?”

साहेबाला हसू आवरेना. त्याने जर्दाळू खाल्ले, शर्टावर रस सांडला, आणि ‘वाळलेली’ हा शब्द खोडला. ओतांनी ते शेजाऱ्यांसमोर त्याच्याकडून मोठ्याने म्हणवून घेतलं. नुसत्या खोडण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. रस्ता आता ओढ्याच्या पलीकडून जाईल, म्हणतात. मी ‘म्हणतात’ म्हणतो, कारण तो नकाशा मी पाहिलेला नाही.

पुढे माझ्या एका पायाला चीर गेली. आपांना आता मला डोंगरापर्यंत नेणं झेपत नाही, आणि झोकीरने शेवटी त्यांना हलका नवा ट्रायपॉड घेऊन दिलाच. मला त्यांनी हमरो-ओतांकडे ठेवलं. मी त्या कोपऱ्यातच उभा असतो. पावसापाण्यात माझं लाकूड फुगतं, पितळ काळं पडतं, मुलं माझ्यावर टोप्या टांगतात. आपा ऋतूला एकदा येतात आणि त्याच जागेवरून माझ्या डोक्यावर कॅमेरा बसवून एक फोटो घेतात. मी जिथे उभा राहिलो तिथली बाग दुसऱ्या वर्षीही राहिली, तिसऱ्याही. हे मला रोज सकाळी नव्याने तपासून पाहावं लागतं, आणि ती दिसली की मला रडू येईल की काय असं वाटतं.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या गावात कोणी तीन पायांचं उभं दिसलं तर दगड मारू नका. पण कशासाठी उभं आहे, हे विचारल्याशिवाय जाऊही देऊ नका. झाडांचा निकाल हिवाळ्यात लावू नका, म्हाताऱ्यांचा तर मुळीच लावू नका. आणि माझ्यासारखी जुनी लाकडं तुमच्या घरी असतील तर वर्षातून एकदा त्यांच्या पायांना जवसाचं तेल लावा.

लावाल, म्हणता. बघू.