मैथिलीच्या खोलीची लांबी

मैथिलीची शुगर फार चढली किंवा फार उतरली, की तिची खोली लांब होते. पहिल्यांदा झालं तेव्हा ती अडीच वर्षांची होती. दवाखान्यात मधुमेहाचं निदान झालं आणि पाच दिवसांनी आम्ही घरी आलो, तर पलंग आणि खिडकीच्या मध्ये एक फरशी जास्त होती. माझ्या नवऱ्याने, प्रल्हादने, टेप लावून पाहिला.

"दोन फूट," तो म्हणाला.

बाहेरून घर होतं तेवढंच होतं.

आम्ही जपलं. दिवसाला चार इंजेक्शनं, सहा-सात वेळा बोटाला सुई. तरी वर्षाकाठी तीन-चार फरशा वाढतच गेल्या. डॉक्टर गुंजकर बाईंनी तिच्या मेंदूचा फोटो उजेडासमोर धरला. त्यात आमची खोली होती, पडद्यांसकट.

"इतक्या लहानपणी सुरू झालं की काही मुलांना असं होतं," त्या म्हणाल्या. "मेंदू अजून घडत असतो. हुशारी जात नाही. उत्तरापर्यंत चालावं मात्र लागतं."

"थांबेल का?"

"शुगर जितकी सांभाळाल, तितकं बरं."

पहिलीत कदम बाईंनी तिला विचारलं, सात आणि पाच किती. मैथिली बाकावरच बसलेली होती, पण तिची पावलं कुठून तरी लांबून वाजायला लागली. ती "बारा" म्हणाली तेव्हा मराठीचा तास सुरू झाला होता.

"बरोबर सांगते हो," बाई मला म्हणाल्या. "पण मुलं हसतात."

त्या संध्याकाळी मैथिलीने विचारलं, "आई, बाकीच्यांच्या खोल्या लहान असतात का?"

मी तिची वेणी सोडत राहिले.

मग जूनमधली ती सकाळ. चूक माझी. इन्सुलिन दिलं, उपमा तिच्यापुढे ठेवला आणि बहिणीशी फोनवर बोलत बसले. तिने दोनच घास खाल्ले होते. मी वळले तेव्हा तिला फिट आली होती. दवाखान्यात सलाईनमधून साखर गेली, ती शुद्धीवर आली, तिने मला ओळखलं. घरी आलो तर खोलीत एकवीस फरशा वाढल्या होत्या. प्रल्हादचा टेप पुरला नाही. तो टेप गुंडाळत बसला.

आज दुपारी जेवणाआधी तिने आतून हाक मारली.

"आई, हात थरथरतायत."

मी ग्लासभर पाण्यात तीन चमचे साखर ढवळली आणि आत पळाले. थोड्या वेळाने खोलीचं दार मागे दिसेनासं झालं. दोन्ही बाजूंनी आम्ही कधीच न बसवलेल्या खिडक्या येत होत्या. प्रत्येकीत हीच दुपार होती.

"पडून राहा, मैथिली. मी आले."

खूप लांब तिचा पिवळा फ्रॉक दिसला, मुगाच्या डाळीएवढा. ती पलंगावरून उतरून माझ्याकडे चालत निघाली होती. चाललं की शुगर आणखी उतरते.

"चालू नकोस," मी म्हणाले.

शब्द माझ्या तोंडून सुटले आणि फरशी फरशी करत तिच्याकडे निघाले. मी ग्लासावर तळहात धरून पळत होते. काही वेळाने मी त्या शब्दांना गाठलं, मग मागे टाकलं. समोर पिवळा ठिपका चालतच होता.