गाळून घेतलेला रस्सा

मी अंजनाबाईंचा पितळी गंज बोलतोय. उंच काठाच्या पातेल्याला आमच्या नागपूरकडे गंज म्हणतात. मागच्या गॅलरीत आडवा पडलोय. समोरच स्वयंपाकघराची खिडकी आहे आणि आत जे चाललंय ते पाहून माझा थरकाप होतोय. म्हणून घाईघाईत सांगतो, राग मानू नका.

भंडाऱ्याच्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं. खाप्याच्या रुपरावांनी काठावर ‘अंजना’ असं नाव घालून मला लेकीच्या लग्नात दिलं. तेव्हापासून मी तिच्या नवऱ्याच्या, गोपाळरावांच्या घरी. दीक्षाभूमीवर येणाऱ्या पाहुण्यांसाठी दरवर्षी माझ्यातच वरण शिजायचं. पुढे कुकर आला, स्टील आलं आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. कल्हईवाला गल्लीत फिरकेनासा झाला. माझ्या तळाची कल्हई पुरीएवढी उडाली आहे, हे मी आधीच कबूल करतो.

गोपाळराव बुटीबोरीच्या सूतगिरणीतून निवृत्त झालेले. खाण्याचे भारी शौकीन. फक्त झिंगे त्यांना सोसत नाहीत. एकदा सासुरवाडीला, खाप्याला, त्यांनी झिंग्यांची भाजी खाल्ली आणि घटकाभरात ओठ सुजले, श्वासाची शिट्टी वाजू लागली. भाजी लोखंडी कढईत होती. अंजनाबाईंनी मलाही माहेरी नेलं होतं आणि मी शेजारच्या चुलीवर पाणी तापवत होतो, म्हणून पक्कं आठवतं. त्या दिवसापासून घरात झिंगे बंद झाले.

पण माणसांची एक गंमत आहे. तुकडा सोडला की सगळं सोडलं, असं त्यांना वाटतं. मटण सोडलेला माणूस ‘मले नुसता रस्सा दे’ म्हणतो आणि तीन वाट्या रिचवतो. मी हे किती पंगतींत पाहिलं आहे! तेव्हा मला हसू यायचं. आता येत नाही.

मागच्या महिन्यात सून भावना फोनवर भूमध्य समुद्राकडचं मासळीचं सूप बघत होती. गोपाळराव शेजारी बसून डोळे विस्फारून बघत होते. उभ्या जन्मात त्यांनी समुद्र पाहिलेला नाही.

“भावना, नागपुराले समुद्र नाही तं काय झालं! गंजात तं येऊ शकते ना?”

“बाबा, पण त्यात झिंगे राह्यते.”

“मंग माह्यात नको टाकू. मले रस्सा दे.”

त्याच आठवड्यात रविवारी मुलगा प्रशिक बर्फातली सुरमई आणि झिंगे घेऊन आला. एवढं मोठं दुसरं भांडं नव्हतं, म्हणून मला माळ्यावरून उतरवलं. भावनाने सगळ्यात आधी झिंग्यांची डोकी आणि टरफलं तेलात परतली, पाणी ओतलं आणि अर्धा तास उकळलं. मग ते पाणी गाळून घेतलं. एकही टरफल राहिलं नाही ना, हे दोनदा पाहिलं. त्याच पाण्यात टमाटे, लसूण, बडीशेप, संत्र्याची साल आणि सुरमई पडली. सोललेले झिंगे शेवटी टाकायचे होते. ते टाकण्याआधी तिने सासऱ्याची वाटी वेगळी काढली. सख्खी लेक घेणार नाही एवढी काळजी तिने घेतली.

आणि मी ओरडत होतो. अगं, टरफलं गेली, पण अर्धा तास त्यांच्यातून जे उतरलं ते कुठे गेलं? ते या पाण्यातच आहे! पण भांड्याचं ओरडणं माणसांना नुसतं खदखदणं वाटतं. भावनाने गॅस बारीक केला.

गोपाळरावांनी अर्धी वाटी संपवली आणि मान खाजवू लागले. मग ओठ सुजले.

“प्रशिक, मले दम लागून राहिला गा...”

प्रशिकने त्यांना ऑटोत घातलं. भावना ओट्याला धरून रडत उभी होती. मी तिच्यासमोर तसाच भरलेला होतो. इतकी भीती मला तांबटाच्या भट्टीतही वाटली नव्हती.

इंजेक्शन वेळेवर मिळालं आणि गोपाळराव वाचले. डॉक्टरांनी काय खाल्लं ते विचारलं, पण झिंगे दिलेच नव्हते, म्हणून त्यांचं नाव कोणी काढलं नाही.

घरी आल्यावर अंजनाबाई म्हणाल्या, “अगदी खाप्यासारखंच झालं वं. झिंगा तं नव्हता पडला?”

“नाही आई, शपथ. बाबांचं आधीच काढून ठेवलं होतं.”

मग अंजनाबाईंनी मला रिकामं करून आत पाहिलं. “अवं, याची तं कल्हईच गेली! टमाट्याचं आंबट कळकलं यात.”

दुपारपासून रडणारी भावना तेव्हा शांत झाली. तिचा मला राग नाही. आपल्या हातून झालं नाही, एवढंच तिला ऐकायचं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, इतकंच. खरं सांगतो, दोन दिवस मलाही वाटलं की मीच केलं. पण कळकलेल्या अन्नाने मळमळतं, उलटी होते. ओठ कुठे सुजतात? आणि खाप्याला तर मी नुसतं पाणी तापवत होतो!

आता मला इतवारीच्या बाजारात मोडीत देणार आहेत. त्याची भीती नाही. मी वितळून पुन्हा काहीतरी होईन. गोपाळराव पुन्हा होणार नाहीत.

आज रविवार आहे. आत गॅसवर नवाकोरा स्टीलचा गंज आहे आणि मघाशी त्यातच तेलात झिंग्यांची डोकी तडतडली. सुनेच्या मनातली सल जावी म्हणून गोपाळरावांनीच हट्ट धरला. “त्या दिवशी गंजानं घात केला. तुह्या हातची चव मले मालूम आहे. आज पोटभर खातो.”

पोटभर! मागच्या वेळी अर्धीच वाटी होती.

पाणी गाळून झालं. त्यांची वाटी वेगळी काढून झाली. अंजनाबाईंनी चमच्याने ढवळून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. सगळे खूश आहेत, सगळे सावध आहेत, आणि एकालाही काही ठाऊक नाही.

वाचणाऱ्या बाई, वाचणाऱ्या दादा, तुम्हाला आवाज आहे. दारातून आत जा आणि एवढंच विचारा, ‘बाबा, थांबा, हे पाणी कशाचं आहे?’ लवकर विचारा. रस्सा गरम आहे म्हणून ते अजून फुंकर घालताहेत.