खाली म्हणजे कुठे?

चौथीच्या बाईंनी चाचणीत दरवर्षीचंच चित्र दिलं होतं. गोल पृथ्वी, तिच्यावर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशी चार माणसं आणि प्रत्येकाच्या हातात दगड. दगड सोडला तर कुठे जाईल ते बाणाने दाखवायचं. निम्म्या वर्गाने चारही बाण कागदाच्या तळाकडे काढले. खालच्या माणसाचा दगड तर पृथ्वी सोडून पानाबाहेर निघाला होता. अकरा वर्षं बाई असल्या बाणांवर लाल फुली मारत आल्या होत्या. या खेपेला मात्र त्यांत त्यांच्या स्वतःच्या मुलीचा पेपर होता. दिव्याखालीच अंधार.

घरी तीन संध्याकाळी त्यांनी चेंडू हातात घेऊन समजावलं. पृथ्वी सगळं आपल्या मध्याकडे ओढते, हे वाक्य मुलीला पाठ झालं, पण बाण काही वळेनात. तिसऱ्या संध्याकाळी बाईंचा आवाज चढला आणि मुलगी डोळे पुसत बाहेरच्या खोलीत पळाली. तिथे धाकटी जाऊ शिवणयंत्रावर बसलेली होती.

दुसऱ्या दिवशी मुलीने चारही बाण बरोबर काढले. कसं जमलं, विचारलं तर म्हणाली, काकूने शिकवलं. काकूचा टाचण्या टोचून ठेवायचा कापडी चेंडू म्हणजे पृथ्वी, टाचणी म्हणजे माणूस. डोकं बाहेर, टोक आत. "कुठूनही टोचली तरी टोक मध्याकडेच जातं, आई. टोकाकडे म्हणजे खाली."

बाईंना हे झोंबलं. वेणी घालायला काकू, पोट दुखलं तर काकू, पावसात भिजून आलं तरी आधी काकू. शिकवणं तेवढं आपलं, असं त्या धरून चालल्या होत्या. आणि ही सातवीतून शाळा सोडलेली बाई दहा मिनिटांत तेही घेऊन गेली. बाई मुलीला म्हणाल्या, की टाचणी टोचलेली असते, माणूस टोचलेला नसतो, तेव्हा पेपरात असलं काही लिहायचं नाही. त्या दिवशी बाई जावेशी कामापुरतंच बोलल्या.

पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापिका त्यांचा तास बघायला मागच्या बाकावर येऊन बसल्या. धडा तोच. एका मुलाने विचारलं, की खालच्या माणसाच्या पायातली चप्पल पडणार नाही का? वर्ग हसला. बाईंनी पाठ वाक्य म्हटलं, पोरांचे चेहरे कोरेच राहिले. मग त्यांनी फळा पुसायचा स्पंजचा गोळा उचलला आणि सूचनाफलकावरच्या टाचण्या काढून त्यात खोचल्या. दोन मिनिटांत वर्गभर हात वर झाले.

"हे सुचलं कसं तुम्हाला?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"सुचलं असंच," बाई म्हणाल्या.

पहिल्या बाकावरून मुलगी त्यांच्याकडे बघत होती. तिने चारचौघांत तोंड उघडलं नाही, घरीही काही सांगितलं नाही. तिने चुगली केली असती तर बाईंना रागावता तरी आलं असतं.

दोन दिवस घास गोड लागला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या जावेच्या खोलीत गेल्या आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

जावेने दाताने दोरा तोडला. "त्यात माझं काय होतं, वहिनी? शाळेत मीही बाण खालीच काढले होते. गुरुजींनी ते फळ्यावर काढून सगळ्यांना हसवलं. तेव्हापासून समजून चालले, आपल्याला हे जमायचं नाही. परवा तीन दिवस तुम्ही आत शिकवत होतात आणि मी इथे टाचण्या खोचत होते. तुमचं ऐकता ऐकताच डोक्यात उजेड पडला." मग जरा संकोचून तिने विचारलं, "पण एक सांगा. पार मध्यापर्यंत खड्डा खणला आणि आपण तिथे उतरलो, तर मग खाली कुठे?"

अकरा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि बाईंच्याही मनात कधी आला नव्हता. दोघींनी खाटेवर बसून त्यावर बराच खल केला. शेवटी जाऊच म्हणाली, सगळ्या बाजूंनी सारखीच ओढ असेल तर तिथे खाली नसेलच.

त्याच दिवशी बाईंनी मुख्याध्यापिकांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, की तुमच्या जाऊबाई एक दिवस वर्गावर येतील का?

जाऊ इस्त्रीची साडी नेसून आली. आधी आवाज कापत होता, मग सुटला. मुलीने शेजारणीला कोपराने ढोसून सांगितलं, "माझी काकू आहे."

मुलीच्या मागच्याच बाकावर बसून बाईंनी ते ऐकलं आणि त्यांना ते पुन्हा तसंच झोंबलं. तरी तास संपल्यावर सगळ्यांत आधी टाळ्या त्यांनीच वाजवल्या.