वरच्या फळीवरची बाटली

"लालाभाई, दार उघडा की! पाच नंबरच्या खाटंची बाटली सपत आली!"

चिमणाबाई आया बाहेरून दार बडवत होती आणि आत लालासाब कपाटापुढं उभ्याउभ्या पेंगत होता. पेंगेल नाहीतर काय करेल बिचारा! तीन दिवस डोळ्याला डोळा नव्हता. उन्हाळ्यानं विहिरी तळाला गेल्या, गढूळ पाणी पिऊन गावोगाव गॅस्ट्रोची साथ उठली आणि कोल्हापुरातल्या त्या लहानशा दवाखान्यात माणसं व्हरांड्यापर्यंत निजली. सगळ्यांचा जीव सलाईनच्या बाटल्यांवर टांगलेला, अन् त्या बाटल्यांच्या कपाटाची किल्ली स्टोअरकीपर लालासाबच्या कमरेला.

त्याची मोजायची तऱ्हा बापाकडून आलेली. बाप बाजारात धान्य मापायचा. पहिल्या मापाला 'एक' म्हणून कधी म्हटलं नाही त्यानं. 'बरकत' म्हणायचा आणि पुढं 'दोन, तीन'. लालासाबही पहिली बाटली 'बरकत' म्हणत वरच्या फळीवर ठेवी, बाकीच्या दोनपासून मोजत खालच्या फळीवर. वरची सगळ्यात शेवटी काढायची. बावीस वर्षांत एका बाटलीची चूक नाही! डॉक्टर कधी कपाटात डोकावत नसत. नुसतं विचारत, "लालासाब, किती?"

त्या दुपारी खिडकीतलं ऊन बाटल्यांतून आरपार गेलं होतं आणि भिंतीवर पाण्याच्या सावल्या हलत होत्या. बघताबघता लालासाबला भिंतच दिसेना. जोंधळ्याची रास दिसली, उन्हात तरंगणारी धूळ दिसली, पोत्यांचा उबदार वास आला. "बरकत," तो पुटपुटला आणि पहिली बाटली वर ठेवली. मग कुठूनतरी लांबून आपलाच आवाज त्याला ऐकू आला. "एक... दोन... तीन..." दहावर तो थांबला आणि वहीत दहा लिहिले.

"आजऱ्याच्या दवाखान्याची जीप उभी आहे," डॉक्टर म्हणाले. "तिथंही माणसं मरणाला टेकलीत. चार त्यांना देऊ, सहा आपल्याला. पाचला ट्रक येतोय."

तीन वाजता सहाही संपल्या. खालची फळी मोकळी, वहीत शून्य; मग मान वर करून वरची फळी बघायचं त्याच्या ध्यानातही आलं नाही. लालासाबनं कपाटाला कुलूप घातलं.

तेवढ्यात कळंब्याकडचा आकाराम नावाचा शेतकरी बायकोला टांग्यातून घेऊन आला. बयाबाई तिचं नाव. ओठ सुकून पांढरे पडलेले, हाक मारली तर नुसत्या पापण्या हलत होत्या. चिमणाबाई पळत स्टोअरवर आली.

"एकच द्या, लालाभाई. बाईचं डोळं खोल गेल्यात."

"सपल्या. वहीत शून्य हाय."

"जाळा ती वही! हुडका की जरा!"

"हुडकाय काय सुई हाय व्हय ती? माझ्या मोजण्यात चूक न्हाय, चिमणाबाई!"

ती कपाळाला हात लावून परत गेली आणि बयाबाईला मीठसाखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजायला बसली. पाजलेलं सगळं उलटून पडत होतं. दारातून लालासाबला ते दिसत होतं. जीव नुसता कळवळत होता त्याचा. पण करणार काय? स्टुलावर बसला आणि पुन्हा त्याचे डोळे मिटले.

पुन्हा ती रास. बाप उकिडवा बसलेला, अंगभर सोनेरी धूळ. सावकाश माप भरलं, ओतलं. "बरकत." दुसरं माप भरलं, ओतलं. "दोन."

लालासाब ताडकन उठला. दोन! बरकतीनंतर आपण 'एक' म्हणालो की!

भिंतीवरच्या घड्याळात साडेचार झाले होते. त्यानं कुलूप काढलं आणि स्टुलावर चढला. वरच्या फळीवर बाटली उभी होती, काठोकाठ भरलेली. तान्ह्या पोराला धरावं तशी छातीशी धरून तो वॉर्डात धावला.

शीर सापडेना. तिसऱ्यांदा सुई लागली. निम्मी बाटली आत गेली आणि बयाबाई गेली.

पाचला ट्रक आला. पन्नास बाटल्या उतरल्या. डॉक्टरांनी लालासाबला बाजूला घेतलं. "तासाभर आधी मिळाली असती तरी काय झालं असतं, कुणी सांगावं? कुणाला बोलू नका. तुमची इथं गरज आहे."

खरंच होतं ते. पण लालासाब बाटल्यांकडं न वळता व्हरांड्यात गेला.

आकाराम व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता. बरी झाल्यावर नेसायला म्हणून आणलेलं धुतलं लुगडं गाठोड्यात बांधून शेजारी ठेवलेलं. लालासाब त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"पावणं, एक बाटली व्हती. वरच्या फळीवर. मोजताना मी चुकलो."

आकारामनं मान वर केली. "आमी आलो तवा व्हती?"

"व्हय."

वॉर्डातून चिमणाबाईची हाक आली, "लालाभाई, बाटल्या!" लालासाब हलला नाही. आता हा माणूस थोबाडीत देईल, दिली तर बरं होईल, असं त्याला वाटत होतं.

आकारामनं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं आणि बाकावर थोडा सरकला.

"बसा," तो म्हणाला. "पाय कापाय लागल्यात तुमचं."