आमच्या एकटेपणात

बार्तलाला आमचं अख्खं गाव 'ईनरान' म्हणायचं. 'ईन' म्हणजे एक. त्याला शेपटी जोडली की झाला एकलकोंडा. असल्या माणसाने नाबलाला लग्नाचं विचारलं, तेव्हाच मला खटकलं. नाबला माझी शेजारीण, विधवा. हो म्हणायचं तर राहतं घर दिराच्या हवाली करून बार्तलाच्या टेकडीवर जायचं. मग परतायला जागा नाही.

रविवारी चर्चमधून निघताना तिने त्याला गाठलं.

"हिवाळा कसा गेला रे, वर एकट्याचा?"

"गेला की. आमच्या एकटेपणात मजेत होतो." टोपी सावरून तो सायकलवर बसला.

आता आमच्या भाषेत नुसतं 'एकटा' असून भागत नाही. माझ्या एकटेपणात, त्याच्या एकटेपणात, असा मालक सांगावाच लागतो. आणि हा म्हणाला, आमच्या!

"ऐकलंस?" मी म्हटलं.

"जीभ घसरली असेल गं."

"जी हलतच नाही ती घसरेल कशी? आणि परवा दुकानातून कोबी नेला त्याने. कोबी बघून तोंड वाकडं करणारा माणूस!"

"म्हणजे बाई ठेवलीय?"

"गाढव तर घरात बांधलं नसेल ना!"

नाबलाचा चेहरा उतरला. दुपारी आम्ही दोघी टेकडी चढलो. आतून बार्तलाचा लाडिक आवाज आला, "खा ना गं, एवढंच पान."

नाबलाने दार ढकललं. शेगडीजवळच्या खुर्चीत, त्याच्या चांगल्या कोटावर, पंख मोडलेली रानहंसी बसली होती. आम्हाला बघून फिस्कारली.

मला हसू आवरेना. थव्यामागे राहिलेल्या पाखराला आमच्या भाषेत वेगळं नाव आहे, आणि तेही आम्ही एकलकोंड्या माणसालाच चिकटवतो.

"बरी झाली की उडून जाईल," बार्तला ओशाळून म्हणाला.

"आणि नाही गेली तर?"

त्याने आधी हंसीकडे पाहिलं, मग नाबलाकडे. हा क्रम आम्हा दोघींच्याही नजरेतून सुटला नाही.

"तुझ्या त्या 'आमच्या'त मी यायची असेन," नाबला म्हणाली, "तर मी बसायचं कुठे, ते सांग."

बार्तला हंसीजवळ गेला, घुटमळला, आणि स्वतःची खुर्ची उचलून नाबलापुढे ठेवली. तिसरी खुर्ची त्या घरात नव्हती, मी उभीच.

नाबला बसली. अंगातल्या कोटाचं वरचं बटण तिने काढलं. हंसीवरची नजर मात्र काढली नाही.