परीक्षा संपेपर्यंत

शेवटचा पेपर शुक्रवारी झाला आणि शनिवारी सकाळीच एलिनाती मुतिंताला घेऊन झोंबाच्या डोंगरावर निघाली. झांबियातल्या मोन्झेहून दोन दिवस बसचे धक्के खात मुतिंता मालावीत शिकायला आली होती. दोन वर्षं डोंगराच्या पायथ्याशी राहूनही वर जायला तिला सवड मिळाली नव्हती. वडिलांना मात्र तिने कबूल केलं होतं, वर गेले की फोटो पाठवीन. त्यांचा जन्म माळावर गुरांमागे गेलेला. डोंगर त्यांनी कधी पाहिला नव्हता.

डोक्यावर फळ्यांची चळत घेतलेली माणसं धावत खाली उतरत होती. मुतिंताची बडबड थांबत नव्हती. एलिनाती तिची खोलीतली सोबतीण, एरवी दर वळणावर बसकण मारणारी. आज गुमान चालत होती.

"पेपर फारच झोंबलेला दिसतोय तुला," मुतिंताने चिडवलं. एलिनाती हसली नाही.

वर पोचेतो धुकं विरलं होतं. मुतिंताने फोटो काढला आणि बाबांना दाखव म्हणून सांगायला भावाला, चोल्वेला, फोन लावू लागली. एलिनातीने तिचा हात धरला.

"चोल्वेदादाचा मला फोन आला होता. पंधरा दिवस झाले. तुझे बाबा गेले, मुतिंता."

गुरांना पाण्यावर नेलं होतं, तिथेच छातीत कळ आली. दुसऱ्या दिवशी माती दिली. मुतिंताला कळलं तर ती परीक्षा टाकून येईल, वर्ष बुडेल, म्हणून घरच्यांनी लपवलं होतं आणि एलिनातीकडून वचन घेतलं होतं.

मुतिंताला गेल्या रविवारचा फोन आठवला. आईचा आवाज बसला होता. सर्दी झालीय म्हणाली. बाबा रानात आहेत म्हणाली. मागे बायकांचा गलका ऐकून मुतिंताने हसत विचारलं होतं, कुणाचं लग्न आहे का.

"पंधरा दिवस तू माझ्या ताटात जेवलीस," ती एलिनातीला म्हणाली.

"हो."

"आणि रोज विचारायचीस, अभ्यास झाला का."



मुतिंता एकटीच उतरायला लागली, पण पहिल्याच वळणावर खाली बसली. लाकडाची मोळी घेऊन एक म्हातारी येत होती. तिने काय झालं ते मागून आलेल्या एलिनातीला विचारलं, मोळी उतरवली आणि मयताच्या घरी बसतात तशी पाय पसरून मुतिंताशेजारी मातीत बसली.

"नाव काय गं त्यांचं?"

"हाचिलेन्सा."

"कसे होते, सांग पोरी."

मुतिंता सांगू लागली. प्रत्येक गाईला ते मामी म्हणायचे, हे सांगताना तिला हुंदका फुटला. ऊन कलेपर्यंत म्हातारी उठली नाही. एलिनाती चार हात लांब उभी होती. मुतिंताने तिला जवळ बोलावलं नाही.

मुतिंता घरी पोचली तेव्हा पाहुणे परतले होते, कबरीवरची माती बसली होती. आईने तिला कुशीत घेतलं. चोल्वेने मान खाली घालून विचारलं, पेपर कसे गेले. बरे गेले, ती म्हणाली.

पुढच्या सत्रात ती परत आली. खोली तीच, ताटही दोघींत एकच. राग हळूहळू ओसरला. पण एलिनातीचा फोन वाजला की मुतिंता हातातलं काम टाकून आधी तिच्या चेहऱ्याकडे बघायची.