क्लोटिल्डाने सांगितलेली चक्की

माझी थोरली जाऊ क्लोटिल्डा म्हणजे नांदोमच्या बाजारातली नावाजलेली पिटोवाली, ज्वारीची आंबवलेली दारू करून विकणारी. आणि मी खळवाली. हे नाव तिनेच मला दिलं, अकरा वर्षांपूर्वी, आणि एक दिवस असा गेला नाही की मला ते आठवलं नाही.

तेव्हा मी पहिल्यांदा पिटो करत होते. ज्वारीला मोड आणले, वाळवली, आणि दळायचं कुठे म्हणून भाबडेपणाने जावेला विचारलं. ती म्हणाली, पिठाच्या गिरणीत ने, मैद्यासारखं बारीक कर, गोडवा जास्त उतरतो. मी मेलीने ऐकलं. पाणी घातल्यावर मडक्यात नुसती खळ झाली, रस गाळून निघेचना. भर बाजारात तिने काठीने ती खळ उचलून लोकांना दाखवली आणि हसून हसून डोळ्यांत पाणी आणलं. माझं मडकं डुकरांपुढे ओतलं. पुढे मी चांगला पिटो करायला शिकले हो, पण खळवालीच्या बाकावर बसतंय कोण?

यंदा तिची नवी सून पर्पेच्युआ पिटो विकायचं म्हणाली. गिऱ्हाईक वाटलं जाणार, ते सासूला कुठलं रुचायला? एका दुपारी पोरगी माझ्याकडे आली. म्हणाली, "काकी, हातचक्की घ्यायचीय. सासूबाई म्हणतात, मैद्यासारखं बारीक दळणारीच घे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग स्वतःलाच म्हटलं, थांब एव्हारिस्टा, देवाने ताटात वाढून दिलंय, आता सांडू नकोस.

मी तिला लोखंडी सामानवाल्याकडे नेलं. त्याच्याकडे दोन चक्क्या होत्या. एक नवी, चकचकीत, गुळगुळीत तबकड्यांची. दुसरी काळी, जुनाट, जाड दात्यांची, तबकड्यांमधली फट कमी-जास्त करायला मागे स्क्रू. तो चकचकीतच गळ्यात मारायला बघत होता. मी पोरीने फडक्यात बांधून आणलेली मोडाची वाळकी ज्वारी दोन्हींत मूठ मूठ टाकून फिरवली. पहिलीतून पीठ पडलं. दुसरीतून एकेका दाण्याचे तीन-चार तुकडे. ते तिच्या तळहातावर ठेवून म्हटलं, असं भरड हवं, रसाला वाट राहते. दुकानदार फिसकन हसला, आता खळवाली पिटो शिकवणार म्हणे. मी म्हटलं, खळ कशी होते ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

पोरीला एवढंच बजावलं की सासूपुढे चक्कीचा विषय काढायचा नाही.

बाजाराचा दिवस उजाडला. आमच्याकडे नवी बाई पहिलं मडकं उघडते तेव्हा भोपळ्याच्या तुंब्यातून पहिला पिटो तिला शिकवणारीने प्यायचा, मग लोक हात लावतात. क्लोटिल्डा आपली सगळी गिऱ्हाइकं गोळा करून पुढे झाली. शिकवलं मीच, म्हणाली. तमाशा दाखवायचा होता ना तिला. पर्पेच्युआने तुंबा भरून दिला. बाईने ओठ जेमतेम ओले केले आणि जमिनीवर थुंकली.

"खळ आहे नुसती. आमच्या घरात दुसरी खळवाली आली."

तिने नीट चाखलंसुद्धा नव्हतं. तिला चव आधीच ठाऊक होती ना!

डेरी नावाचा म्हातारा मयतीला लाकडी पट्ट्यांचं वाद्य वाजवतो, त्याला पिटो म्हणजे जीव की प्राण. त्याने तिच्या हातातला तुंबा काढून घेतला, एका दमात रिकामा केला आणि दुसरा मागितला. मग म्हणाला, "क्लोटिल्डा, तुझ्या जिभेला काय झालंय?"

आता पोरगी बोलली. "सासूबाई, तुम्ही मैद्यासारखं दळायला सांगितलं होतं. मी भरड दळलं."

सगळे आधी क्लोटिल्डाकडे बघत राहिले, मग एकेक मान माझ्याकडे वळली. अकरा वर्षांनी लोकांच्या डोक्यात उजेड पडला.

मी पुढे गेले, तुंबा काठोकाठ भरला आणि तिच्यापुढे धरला.

"घ्या जाऊबाई. शिकवलंत ना तुम्ही? आता गिळा."

तिने इकडेतिकडे पाहिलं. तिच्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं, तिचीच गिऱ्हाइकं पर्पेच्युआच्या बाकावर सरकून बसत होती. तिने तुंबा तोंडाला लावला. शेवटचा घोट घशाखाली उतरेपर्यंत मी तिच्यासमोरून हलले नाही.